दोन कॉम्प्रेसर, दोन घड्याळं

घरच्या घरी गाणी मिक्स करणाऱ्या हौशी मंडळींत दोन पंथ आहेत. (आमच्या धंद्यात ही मंडळी बरीच सापडतात. सोमवार ते शुक्रवार कोड, वीकांताला हेडफोन.) पहिला पंथ म्हणतो, आवाजावर एक कॉम्प्रेसर नीट लावला की काम झालं, त्यापुढे जे काही लावाल ती नुसती हौस. दुसरा पंथ एकाच आवाजावर एकामागे एक चार-पाच कॉम्प्रेसर लावतो आणि त्या रांगेचा स्क्रीनशॉट 'माझी व्होकल चेन' म्हणून अभिमानाने फिरवतो. लग्नाचा मेनू सांगावा तसा. आधी हा, मग तो, मग थोडासा हा, आणि शेवटी गोड म्हणून एक लिमिटर.

माझं दोघांशीही पटत नाही. एकापुढे एक दोन कॉम्प्रेसर लावणं ही चांगली गोष्ट आहे, बऱ्याचदा तर गरजेचीच आहे. पण कधी? जेव्हा ते दोघे वेळ वेगवेगळ्या तऱ्हेने मोजत असतील तेव्हा. दोघांचं घड्याळ एकच असेल तर दुसरा कॉम्प्रेसर म्हणजे हापिसातला तो दुसरा मॅनेजर, जो पहिल्याने पाठवलेली मेल वर एक ओळ लिहून पुढे पाठवतो.

ज्यांना कॉम्प्रेसर म्हटल्यावर फ्रिज आठवतो त्यांच्यासाठी दोन मिनिटं. बाकीच्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

रात्रीचे साडेदहा वाजलेत, घरातली पोरं झोपलीत आणि वडील रिमोट हातात घेऊन सिनेमा बघतायत. हिरो-हिरॉइन कुजबुजतात, मग एकदम मारामारी सुरू होते. वडील पटकन आवाज कमी करतात, मारामारी संपली की पुन्हा वाढवतात. झाला कॉम्प्रेसर. कुठल्या पातळीला आवाज गेला की वडिलांचा हात रिमोटकडे जातो, ते थ्रेशोल्ड. त्या पातळीच्या वर गेलेल्या आवाजाचा किती भाग ते उरू देतात, तो रेशो. म्हणजे ४:१ असेल तर वर गेलेल्या ४ डेसिबलमधलं १ डेसिबलच शिल्लक राहणार. किती चटकन बटण दाबतात तो अटॅक आणि गोंधळ संपल्यावर किती वेळाने आवाज पूर्ववत करतात तो रिलीज. शेवटी, मोठे आवाज आता आवरलेत म्हणून सगळा टीव्हीच थोडा वर घेता येतो, तो मेकअप गेन. या यंत्राने कुजबुज मोठी होत नाही. मोठं ते लहान होतं आणि मग सगळंच वर उचललं जातं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे यंत्र मुळात संगीतासाठी नव्हतंच. १९३० च्या दशकात रेडिओवाल्यांना ट्रान्समीटर सांभाळायचा होता. कुणी माइकसमोर जोरात ओरडलं की प्रक्षेपण फाटायचं, म्हणून आवाजाला छत घालायला ही पेटी आली. संगीताच्या लोकांना तिची चव नंतर लागली. त्यातल्या दोन पेट्यांची नावं आजही प्रत्येक प्लगइनच्या यादीत सापडतात. पहिली टेलिट्रॉनिक्स कंपनीची एलए-२ए, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, जिम लॉरेन्स यांनी बनवलेली. तिच्यात गंमत अशी की आवाज एका चकाकणाऱ्या पट्टीला उजळवतो आणि त्या उजेडाकडे बघत बसलेला प्रकाशसंवेदी रेझिस्टर आवाज खाली ओढतो. उजेड बघून, विचार करून, सावकाश. दुसरी १९६७ ची ११७६, बिल पुटनम यांची. हिच्यात ट्रान्झिस्टर, आणि अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जातो. मिलिसेकंद नव्हे, मायक्रो. पहिलीवर मुख्य बटणं दोनच आणि वेळेचं एकही नाही. दुसरीवर अटॅक आणि रिलीज दोन्ही आहेत, पण उलटे: आकडा जितका मोठा तितका वेग जास्त. (हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. कोड रिव्ह्यूमध्ये मी परत पाठवलं असतं.)

गाण्याच्या आवाजावर आधी ११७६ आणि मग एलए-२ए ही जोडी जगभरच्या स्टुडिओंमध्ये इतकी रुळली आहे की आता ती कुणी शोधून काढल्यासारखी वाटतच नाही. वरणभातासारखी आहे. पण वरणभात का चालतो हे विचारायला हरकत नाही.

पहिल्या पंथाचा नेहमीचा युक्तिवाद असा: दोन कॉम्प्रेसर म्हणजे शेवटी एक गणितच ना? मग तेवढा रेशो एकाच पेटीवर लावा. गणित खरंच सोपं आहे. दोन्हींचं थ्रेशोल्ड उणे २०, दोन्हींचा रेशो २:१ धरा. उणे ८ ला आलेला आवाज थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर आहे. पहिली पेटी त्याचे ६ करते, दुसरी त्या ६ चे ३. म्हणजे १२ चे ३ झाले, ४:१. रेशोंची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. हे ज्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही ते ४:१ च्या तीन पेट्या 'हलक्या हाताने' लावतात आणि मग आवाज चपातीसारखा का झाला म्हणून माइकला दोष देतात. तिन्ही थ्रेशोल्डच्या वर असलेल्या आवाजाला तिथे ६४:१ लागतोय, म्हणजे भिंतच. आमच्याकडे सर्व्हरच्या बाबतीत हाच प्रकार होतो. तीन थरांत प्रत्येकाने 'नाही जमलं तर एकूण तीनदा प्रयत्न कर' असं लिहून ठेवलं की तळातल्या बिचाऱ्या डेटाबेसवर एका विनंतीच्या २७ होतात. प्रत्येक थराचा माणूस शपथेवर सांगतो की मी फक्त तीनदाच विचारलं.

आता दुसऱ्या पेटीचं थ्रेशोल्ड थोडं वर, उणे १६ ला ठेवा. मग उणे २० च्या खाली आवाजाला कुणी हात लावत नाही, उणे २० ते उणे १२ पर्यंत २:१ आणि त्याच्या वर ४:१. म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा घाट तयार झाला. छान आहे, पण हेही एका पेटीत जमतं. 'सॉफ्ट नी' नावाची सोय बहुतेक प्लगइनांत असते, ती हेच काम जास्त गुळगुळीत करते. तेव्हा निव्वळ गणित बघितलं तर पहिल्या पंथाचं बरोबर आहे.

पण गणितात वेळ नाही आणि गाण्यात वेळेशिवाय दुसरं काय आहे?

उदाहरण देतो, कारण हवेत बोलण्यात अर्थ नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राने सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी जाऊन आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आत्यांचं वय ७६. पडवीत जातं अजून आहे, वापर वर्षातून एखाद्या वेळी. माइक स्टँडवर लावला, त्या बसल्या आणि एका बैठकीत अकरा ओव्या गायल्या. मग म्हणाल्या, "बास, हात दुखला." पुन्हा कधी गातील माहीत नाही आणि त्यांनाही ते माहीत आहे. घरच्यांना त्या गाडीत ऐकायच्या आहेत, मोबाइलवर ऐकायच्या आहेत, पुतणी कॅनडात आहे तिला पाठवायच्या आहेत. मित्राने फाइल माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "जरा नीट ऐकू येईल असं कर."

ऐकू येणं हाच प्रश्न होता. आत्या ओळ उचलतात ती खुंट्याला जोर लावताना, खणखणीत. ओळ संपत येते तसा आवाज खाली जातो आणि शेवटचे दोन-तीन शब्द जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखे. भाऊ, सासुरवास, गेलेलं लेकरू, जे काही सांगायचं ते त्या शेवटच्या शब्दांत येतं. मीटरवर बघितलं तर सुरुवात उणे १० च्या आसपास आणि शेवट उणे ३४ च्या. चोवीस डेसिबलचा फरक. शांत खोलीत हेडफोनवर ऐकाल तर अंगावर काटा येतो. पुणे-सातारा रस्त्यावर काचा खाली असलेल्या गाडीत ऐकाल तर प्रत्येक ओवी अर्ध्यात संपते.

इथे एकच कॉम्प्रेसर लावून बघा. समजा १२ डेसिबल आवरायचेत. ८:१ सारखा कडक रेशो घेतला तर उणे २४ पासून उणे १० पर्यंतचं सगळं दीड-दोन डेसिबलच्या पट्टीत चिणलं जातं. ओळ उचलण्यातला जोर गेला. ठीक, मग रेशो हलका घेऊ, २:१, आणि थ्रेशोल्ड पार खाली, उणे ३४ ला. बेरीज-वजाबाकी जमली, चोवीसचे बारा झाले. आता रिलीज किती ठेवायचा सांगा? जलद ठेवला तर प्रत्येक शब्दाच्या फटीत पेटी सुटते आणि मागची जात्याची घरघर उसळून वर येते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. दम्याच्या माणसाने फासे टाकावेत तसा ट्रॅक धापा टाकायला लागतो. बरं, सावकाश ठेवू. मग एखादा 'ध' किंवा 'भ' माइकवर आपटला की पेटी खाली जाते ती सेकंदभर वर येत नाही, आणि त्या सेकंदात नेमके ते शेवटचे दोन हळू शब्द गिळले जातात. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच गेलं. जलदही नको, सावकाशही नको. मधला ठेवला तर दोन्ही रोग थोडे थोडे.

कारण इथे कामं दोन आहेत. एक काम व्यंजनांच्या आघाताचं, जे काही मिलिसेकंदांत येतं आणि जातं. दुसरं काम ओळीच्या चढ-उताराचं, जे सेकंदांत चालतं. एका रिलीजच्या बटणाला दोन वेळा कशा दाखवणार? त्यासाठी दोन माणसं लागतात. पहिला दाराशी उभा, चपळ, फक्त आपटणारे आवाज पकडून लगेच सोडणारा. दुसरा आत निवांत बसलेला, ओळीच्या वजनाकडे बघणारा. पहिला नसेल तर प्रत्येक आपटलेल्या 'भ'साठी दुसऱ्याला उठावं लागतं आणि तो उठला की बसायला वेळ लावतो. एलए-२ए चा स्वभाव नेमका असाच आहे. दाबलेल्या आवाजातला अर्धा भाग साधारण ६० मिलिसेकंदांत सोडते, उरलेला सोडायला मात्र एक ते कित्येक सेकंद घेते, आणि जितका जास्त वेळ दाबलं असेल तितकं सोडणं लांबतं. म्हणून तिच्यापुढे ११७६. वरणभाताचं कारण एवढंच.

(एकाच पेटीत दोन घड्याळं बसवायचे प्रयत्न झालेले आहेत. एलए-२ए हीच त्यातली एक म्हणता येईल, आणि पुष्कळ प्लगइनांत 'ऑटो' रिलीज असतो. पण 'ऑटो'चा निर्णय दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजासाठी घेतलेला असतो. आत्यांच्या ओव्या त्यांच्या टेस्ट केसमध्ये असण्याची शक्यता कमीच.)

प्रत्यक्षात कसं केलं ते सांगतो, कारण आकड्यांशिवाय हे सगळं प्रवचन होतं. पहिला कॉम्प्रेसर म्हणजे माझा हात. प्रत्येक ओळीचा शेवट निवडून हातानेच वर उचलला, ढोबळमानाने ५ डेसिबल. कंटाळवाणं काम आहे, अकरा ओव्यांना दोन रविवार गेले, पण हाताला शब्द कळतात. पेटीला 'लेकरू' आणि 'खोकला' यांतला फरक कळत नाही, मला कळतो. मग जलद पेटी: ४:१, अटॅक १ मिलिसेकंद, रिलीज ६० मिलिसेकंद, आणि सुई कधीच ३ डेसिबलच्या पुढे जाणार नाही इतकं थ्रेशोल्ड वर. बहुतेक वेळ ती नुसती उभी असते, काही करत नाही. ती तशीच उभी राहायला हवी. मग सावकाश पेटी: २:१, अटॅक १५ मिलिसेकंद, रिलीज ८०० च्या आसपास, जास्तीत जास्त ४ डेसिबल. पाच, तीन, चार. तेच बारा, पण कुणा एकाच्या डोक्यावर बाराचा बोजा नाही आणि कुणाचंच काम ऐकू येत नाही. ओळ उचलली जाते, खाली येते, शेवटचे शब्द अजूनही हळूच आहेत. फक्त आता ते गाडीतही पोचतात. फरक पुसायचा नव्हताच, जगासाठी थोडा आवरायचा होता.

क्रम उलटा केला तर? चालतो, काही आवाजांना जास्त शोभतो. ज्याचा आवाज एकसारखा वाहतो, फेक सौम्य आहे, त्याला आधी सावकाश पेटीने सपाटी देऊन मागे जलद पेटी नुसती राखणदार म्हणून ठेवली तरी छान वाटतं. आत्यांच्या आवाजात आघात फार म्हणून जलद पुढे. क्रमाबद्दल कुणी छातीठोक नियम सांगायला लागला की मी विषय बदलतो.

जात्याने मात्र वेगळाच घोळ घातला होता आणि तो शहरातल्या ट्यूटोरियलमध्ये सापडत नाही. जात्याची घरघर खालच्या सुरांत असते. कानाला ती मागे वाटते, पण मीटरला भरपूर दिसते. पेटी कानाने ऐकत नाही, व्होल्टेजने ऐकते. त्यामुळे वैरण घालून जातं जड फिरलं की पेटी दबायची आणि आत्यांचा आवाज विनाकारण मागे जायचा, प्रत्येक फेऱ्याला एकदा. उपाय साधा आहे. पेटीच्या 'कानावर' गाळणी बसवायची, म्हणजे १५० हर्ट्झच्या खालचं तिला ऐकूच येणार नाही. घरघर रेकॉर्डिंगमध्ये राहते, फक्त ती निर्णय घेत नाही. डग्ग्याच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवा. शिवाय खालच्या सुरांवर फार जलद पेटी लावण्यात आणखी एक धोका आहे. ५० हर्ट्झच्या लहरीचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो. पेटी त्याहून जलद धावायला लागली तर ती आवाजाची पातळी आवरण्याऐवजी लहरीचा आकारच चेपायला लागते. तो कॉम्प्रेसर राहिला नाही, ते डिस्टॉर्शन झालं. तबल्याच्या चाटेचा तर प्रश्नच वेगळा, तिथे अटॅक जरा सैल ठेवला नाही तर 'ता'चं टोकच छाटलं जातं.

आणि आता तो मघाचा फरक, लक्षात ठेवा म्हटलं होतं तो. कॉम्प्रेसर मोठ्याला लहान करतो आणि मग आपण सगळंच वर उचलतो. सगळंच. श्वास, पडवीतला कावळा, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी. ७ डेसिबल दाबून ७ डेसिबल उचललं की दोन ओळींमधली शांतता ७ डेसिबलने वर आली. रांगेत जितक्या पेट्या तितक्यांदा हे होतं, आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवर 'फक्त ३ डेसिबल' दिसतं. चार-पाचवाल्या पंथाला मला एवढंच विचारायचं असतं की तुमच्या रांगेची बेरीज किती? बहुतेकांनी ती केलेलीच नसते. एकेक पेटी विचाराल तर सगळ्या सौम्य.

इथपर्यंत फक्त आपल्याला दिसणाऱ्या पेट्या झाल्या. न दिसणाऱ्या अजून आहेत. मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तर फोन बऱ्याचदा स्वतःच पातळी वरखाली करत असतो. म्हणजे तुम्ही प्लगइन उघडायच्या आधीच एक पेटी लागून गेलेली असते, आणि ती काढता येत नाही. (आत्यांसाठी मित्राने वेगळा माइक आणि रेकॉर्डर नेला होता, पातळी हाताने ठेवली होती. त्याचे उपकार.) पुढे मास्टरिंगमध्ये लिमिटर लागतो. एफएमवर गाणं गेलं तर तिथे आणखी एक यंत्र बसलेलं असतं. ऑप्टिमॉड नावाचं असं यंत्र बॉब ऑर्बन यांनी १९७५ मध्ये बाजारात आणलं आणि तेव्हापासून त्याची पिल्लं जगभरच्या स्टेशनांत आहेत. स्पॉटिफायवर ऐकणाऱ्याने आवाजाची पातळी 'लाउड' निवडली असेल तर तिथेही एक लिमिटर. सगळे एकामागे एक, म्हणजे सीरीजमध्येच की. फक्त प्रत्येक पेटीचा मालक वेगळा आणि कुणालाही आधीच्याने काय केलं ते ठाऊक नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. आवाज इतका चेपलेला होता की खुद्द चाहत्यांनी तो पुन्हा मिक्स करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये आली ती कमी चेपलेली होती आणि लोकांना ती जास्त आवडली! म्हणजे अल्बमपेक्षा गेम ऐकायला बरा. लोकांनी मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांना धरलं, तेव्हा त्यांनी लिहिलेली एक ईमेल बाहेर आली. तिचा सार असा की मिक्स माझ्याकडे आले तेव्हाच छताला टेकलेले होते. रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे आधी झालेलं उलटवायला बटण नसतं. कॉम्प्रेसरला अनडू फक्त तुमच्या मशीनवर आहे, पुढच्याच्या नाही.

गंमत म्हणजे ज्या मोठेपणासाठी हे चालायचं त्याचा आता फारसा उपयोगही राहिलेला नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ लफ्सला आणून वाजवतं. यूट्यूबही फार मोठं गाणं खाली ओढतं. तुम्ही चेपून चेपून उणे ७ ला नेलंत तर ते ७ ने कमी करतात, हातात उरतं ते नुसतं चेपणं.

"मग शास्त्रीय किंवा लोकसंगीताला कॉम्प्रेसर लावूच नये," असं म्हणणारे काही शुद्धतावादी मित्र आहेत. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण अनुभवी गायक सम गाठताना माइकपासून मान जरा मागे घेतो आणि मंद्रात जवळ येतो, तेव्हा तो काय करत असतो? टेपवर जोरात रेकॉर्ड केल्यावर टेप शिखरं आपोआप गोल करायची, ते काय होतं? आवरणं नेहमीच होतं. प्रश्न कोण आवरतंय आणि किती कळून आवरतंय एवढाच आहे. मैफलीच्या रेकॉर्डिंगला हात न लावणं मला मान्य, तिथे ऐकणारा बैठक मारून ऐकतो. पुतणी कॅनडातल्या बसमध्ये ऐकणार आहे.

तेव्हा रांग लावणाऱ्यांना माझी विनंती दोनच गोष्टींची. एक, कुठलीही पेटी चालू-बंद करून ऐकताना दोन्ही वेळचा आवाज कानाला सारखा करून ऐका. चालू केल्यावर आवाज अर्धा डेसिबल जरी वाढला तरी कान 'हे छान' म्हणतो आणि तुम्ही चांगुलपणाच्या नावाखाली मोठेपणा विकत घेता. दुसरी, रांग पूर्ण झाली की एकेक पेटी काढून बघा. जी काढल्यावर काय गेलं ते तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नाही, ती काढलेलीच ठेवा. आत्यांच्या फाइलवर सुरुवातीला मी तीन लावून बघितल्या होत्या. तिसरी, मधल्या वेगाची, अटॅक ५ आणि रिलीज २०० वाली, काढली तेव्हा मला आणि मित्राला मिळून दहा मिनिटं फरक शोधायला लागला आणि शेवटी तो सापडला तो कावळ्यात. कावळा जास्त जवळ येत होता.

मूळ रेकॉर्डिंग, हात न लावलेलं, कावळ्यासकट आणि "बास, हात दुखला"सकट, तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलंय. त्यावर एकही प्लगइन नाही. मित्राला सांगितलंय की फॉरवर्ड करायची ती मिक्स केलेली, पण आत्यांच्या घरी पेन ड्राइव्हवर जाईल ती मूळ. तिथे पडवीत ऐकायला कुठल्याच पेटीची गरज नाही.